दोन फ्रेमच्या मध्ये काय घडलं?

मागच्या आठवड्यात आपण पाहिलं, की रेणूंची हालचाल काढताना संगणक प्रत्येक अणूवरचं बल मोजतो आणि न्यूटनच्या नियमाने त्याला किंचित पुढे सरकवतो. हे एक पाऊल साधारण २ फेम्टोसेकंदांचं असतं. फेम्टोसेकंद म्हणजे सेकंदाच्या एक अब्जाव्या भागाचा दहा लाखावा भाग. आज त्यापुढचा प्रश्न: यातली किती पावलं लिहून ठेवायची?

मूळचे हैदराबादचे अनीसुर रहमान यांनी १९६४ मध्ये अमेरिकेतल्या अर्गोन प्रयोगशाळेत द्रवरूप आरगॉनच्या ८६४ अणूंची हालचाल गणिताने काढली. आरगॉनचा अणू जड, शिवाय एकटा, कुणाशी बंध नाही. म्हणून त्यांना १० फेम्टोसेकंदांचं पाऊल चाललं. प्रथिनात ते चालत नाही. कार्बन-हायड्रोजन बंधाचं एक कंपनच साधारण १० फेम्टोसेकंदांत पुरं होतं. त्यामुळे आज हायड्रोजनच्या बंधांची लांबी कायम धरतात, तेव्हा कुठे २ फेम्टोसेकंदांचं पाऊल टाकता येतं.

आता हिशेब मांडू. एका काल्पनिक पेटीतल्या पाण्यात बुडवलेलं एक प्रथिन, एकूण एक लाख अणू. प्रत्येक अणूच्या जागेसाठी तीन आकडे, प्रत्येक आकड्याला ४ बाइट. म्हणजे एका फ्रेमला, एका साठवलेल्या पावलाला, १२ लाख बाइट. एक मायक्रोसेकंद गाठायला ५० कोटी पावलं लागतात. सगळी साठवली तर ६०० टेराबाइट! म्हणून दर पाच हजारावं पाऊल, म्हणजे दर १० पिकोसेकंदांनी एक फ्रेम ठेवतात. एक लाख फ्रेम, १२० गीगाबाइट. ग्रोमॅक्स या प्रणालीची एक्सटीसी फाइल ते आकडे नॅनोमीटरच्या हजाराव्या भागापर्यंतच ठेवते आणि दाबून आणखी लहान करते. डोळ्यांना त्याने काही फरक पडत नाही.

फरक पडतो तो गाळलेल्या ४,९९९ पावलांनी. प्रथिनाच्या कण्यातला कार्बन-ऑक्सिजन दुहेरी बंध साधारण २० फेम्टोसेकंदांत एकदा कंप पावतो. म्हणजे दोन फ्रेमच्या मध्ये त्याची पाचशेच्या आसपास कंपनं होऊन जातात आणि फाइलमध्ये त्यातलं एकही नसतं. पडद्यावर दिसणारी त्याची थरथर त्याची चाल नव्हेच, सिनेमात गाडीचं चाक उलटं फिरताना दिसतं तशातला प्रकार. प्रथिनाचा एखादा लांब पदर हळूहळू उघडत असेल, तर तो मात्र याच फाइलमध्ये खरा दिसतो.

ही थरथर डोळ्यांना खुपते, म्हणून व्हीएमडीसारख्या प्रणालींत आजूबाजूच्या फ्रेमची सरासरी काढून चाल मऊ करायची सोय असते. चित्रफीत देखणी होते. पण मिथाइल गटाकडे बारकाईने पाहा. त्यातले तीन हायड्रोजन अक्षाभोवती फिरत असतात. सरासरी काढली की तिघेही अक्षाकडे ओढले जातात आणि गट मिटल्यासारखा दिसतो. तो आकार कोणत्याही क्षणी अस्तित्वात नव्हता. तीच गत पेटीच्या भिंतीपाशी: उजवीकडून बाहेर पडलेला अणू डावीकडून आत येतो, तसा हिशेबातला नियमच आहे. पण रेणूचे तुकडे आधी जुळवून घेतले नाहीत, तर अख्ख्या पेटीच्या आरपार बंधाची लांबच लांब रेघ ओढली जाते. नवख्याला वाटतं, रेणू फाटला.

म्हणूनच माझं आग्रहाने सांगणं आहे, की अशा प्रत्येक चित्रफितीखाली दोन गोष्टी लिहिलेल्या असाव्यात: फ्रेममधलं अंतर आणि सरासरी काढली असेल तर किती फ्रेमची. व्याख्यानांत, पाठ्यपुस्तकांच्या सोबतच्या चित्रफितींत हे सहसा नसतं, आणि विद्यार्थी जे दिसलं तेच घडलं असं धरून चालतात.

कंपनंच पाहायची असतील तर वेगळी, छोटी नोंद करावी: एकच पिकोसेकंद, पण प्रत्येक पाऊल साठवलेलं. ५०० फ्रेम, ६०० मेगाबाइट. सेकंदाला २५ फ्रेमच्या गतीने ती २० सेकंद चालते. कार्बन-ऑक्सिजन बंध त्यात पन्नासेक वेळा ताणला-आखडलेला स्वच्छ दिसतो. प्रथिनाचा लांब पदर मात्र त्या २० सेकंदांत जवळजवळ जागचा हलत नाही.

पुढच्या आठवड्यात: पेटीतलं पाणी दाखवायचं की लपवायचं?