टसरच्या पतंगाचे चित्र

चंद्रपूर जिल्ह्यातील गडचांदूरहून माणिकगडाकडे निघाले, की डोंगरउतारांवरील रान दिसू लागते. या रानात सागाच्या सोबतीने ऐनाचे वृक्ष वाढतात. ऐनाची साल मगरीच्या पाठीसारखी भेगाळ असते. चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांत याच ऐनावर आणि अर्जुनावर टसर रेशमाचा किडा पोसला जातो.

टसरच्या मादीने घातलेल्या अंड्यांतून आठ-दहा दिवसांत इवल्याशा अळ्या बाहेर पडतात. त्या पाने खात सुटतात. कातडी अपुरी पडली, की अळी कात टाकते. असे चार वेळा घडते. महिन्या-सव्वा महिन्यात ती बोटाहून जाड व हिरवीगार होते. मग ती स्वतःभोवती रेशमाचा टणक कोसा विणते आणि तो देठाने डहाळीला घट्ट बांधून ठेवते. कोशाच्या आत अळीचा पतंग होतो. या पतंगाच्या चारही पंखांवर डोळ्यासारखा एकेक पारदर्शक ठिपका असतो. त्याला अन्न खाण्याजोगे तोंडच नसते. म्हणून थोड्या दिवसांतच, अंडी घालून झाल्यावर, त्याचे जीवन संपते.

हे सारे कागदावर कसे उतरवावे? पतंग टाचणीने टोचून वर्षानुवर्षे जपता येतो. परंतु मेलेली अळी सुकते आणि तिचा रंग उडतो. छायाचित्रणाचा शोध लागण्यापूर्वी तिचे खरे रूप टिकविण्यास चित्रकाराचा कुंचलाच हवा होता. त्यासाठी अळी जिवंत पाळणे आणि रोज तिच्याकडे पाहत राहणे भाग होते.

जर्मनीत १६४७ साली जन्मलेल्या मारिया सिबिला मेरियन यांनी हेच केले. तेराव्या वर्षापासून त्या रेशमाचे किडे पाळू लागल्या. त्या काळी किडे चिखलातून आपोआप उपजतात, असे पुष्कळांना वाटे. मेरियन यांनी अंडी, अळी, कोश व पतंग आणि त्या अळीची खाद्यवनस्पती ही सर्व एकाच चित्रात रंगविली. १६९९ साली त्या कन्येसह दक्षिण अमेरिकेतील सुरिनामच्या अरण्यात गेल्या. १७०५ साली त्यांचा साठ चित्रांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला.

आपल्या टसरलाही असे चित्रकार लाभले. ड्रुरी या इंग्रज संग्राहकाने १७७३ साली त्याच्या पतंगाचे वर्णन चित्रासह केले. पुढे भारतात राहिलेल्या रॉक्सबर्ग या वनस्पतिशास्त्रज्ञाने टसरच्या किड्यांवर सचित्र निबंध लिहिला. तो १८०४ साली लंडनमध्ये छापला गेला.

परंतु ग्रंथ नसतानाही हे ज्ञान आपल्या रानात नांदत होते. आरमोरीच्या परिसरातील ढीवर कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या टसर पाळत आली आहेत. पाखरे आणि मुंग्या यांच्यापासून अळ्यांना जपण्यासाठी ती झाडांखाली राखण करतात. एका झाडाची पाने संपली, की अळ्यांसह फांदी कापून दुसऱ्या झाडावर नेतात. पतंग बाहेर पडला, तर कोसा फुटतो आणि सलग धागा निघत नाही. म्हणून बहुतेक कोसे उष्णता देऊन आतील जीव मारावा लागतो. काही कोसे मात्र बियाण्यासाठी राखून ठेवतात. हे राखलेले कोसे नसतील, तर पुढच्या हंगामात ना अळी, ना धागा!

चित्रात चारही अवस्था एका दृष्टिक्षेपात दिसतात. रानात त्या पाहण्यास दोन महिने धीर धरावा लागतो. तुमच्या अंगणातील लिंबाच्या किंवा रुईच्या झाडावर एखादी अळी आढळली, तर तिला मारू नका. रोज तिचे चित्र काढा आणि खाली तारीख लिहा. शेवटचे चित्र काढाल, तेव्हा ती तुमच्यासमोर पंख पसरून बसलेली असेल.