रोजे कारेल

रोजे कारेल (जन्मनाव रोजे बांशारेल; १४ ऑगस्ट, १९२७, पॅरिस – ११ सप्टेंबर, २०२०, एग्र, शारांत जिल्हा) हे फ्रेंच अभिनेते आणि आवाज-कलाकार होते. पडद्यावरही त्यांनी भूमिका केल्या. मात्र त्यांची खरी कीर्ती परभाषिक चित्रपट व मालिकांच्या फ्रेंच आवृत्त्यांना आणि फ्रेंच ॲनिमेशनपटांना दिलेल्या आवाजामुळे झाली. अ‍ॅस्टेरिक्स या गॉल योद्ध्याला त्यांनी १९६७ ते २०१४ अशी सत्तेचाळीस वर्षे आवाज दिला.

पडद्यावरील भूमिका

कारेल यांनी चित्रपटांत प्रामुख्याने दुय्यम व विनोदी भूमिका केल्या. क्लोद बेरी यांच्या १९६७ सालच्या ‘ल व्हिएय ओम ए लांफां’ (म्हातारा आणि मूल) या चित्रपटात ते होते. ज्यूद्वेष्टा वृद्ध आणि त्याच्याकडे ओळख लपवून राहिलेला ज्यू मुलगा यांची ही युद्धकाळातील कथा आहे. ज्यां-मारी प्वारे यांच्या ‘पापी फे द ला रेझिस्तांस’ (१९८३) या युद्धविषयक प्रहसनात त्यांनी जर्मन जनरल म्यूलरची भूमिका केली.

अ‍ॅस्टेरिक्स

रने गोसिनी (लेखन) आणि आल्बेर उदेरझो (चित्रे) यांची अ‍ॅस्टेरिक्स ही चित्रकथा २९ ऑक्टोबर, १९५९ पासून ‘पिलोत’ या साप्ताहिकात प्रसिद्ध होऊ लागली. तिच्यावरील पहिला ॲनिमेशनपट १९६७ मध्ये ब्रसेल्सच्या बेलव्हिजन स्टुडिओत तयार झाला. त्याची निर्मिती दोन्ही निर्मात्यांना विश्वासात न घेता सुरू झाली होती. वाचकांच्या मनात चित्ररूपाने वसलेल्या पात्राला या चित्रपटात बोलते करायचे होते. अंगाने लहान, बुद्धीने तल्लख आणि चटकन चिडणाऱ्या नायकासाठी कारेल यांचा किंचित उंच पट्टीचा, चपळ आवाज वापरला गेला.

पुढे १९६८, १९७६, १९८५, १९८६, १९८९, १९९४, २००६ आणि २०१४ या वर्षी आलेल्या ॲनिमेशनपटांतही अ‍ॅस्टेरिक्सचा आवाज त्यांचाच राहिला. या काळात त्याचा मित्र ओबेलिक्स याला जाक मोरेल, प्येर तोर्नाद यांच्यासह अनेकांनी आवाज दिला. ‘देवांचे नगर’ या अर्थाच्या नावाचा नववा चित्रपट प्रदर्शित झाला, तेव्हा कारेल सत्त्याऐंशी वर्षांचे होते. नायकाचे वय मात्र बदललेले नव्हते, त्यामुळे आवाजातील तारुण्य टिकवणे हा या कामाचा अवघड भाग होता.

अन्य प्रमुख आवाज

वॉल्ट डिस्ने यांच्या ‘द जंगल बुक’च्या फ्रेंच आवृत्तीत का या अजगराचा आवाज कारेल यांचा आहे. मूळ कथा मुंबईत जन्मलेल्या रड्यार्ड किपलिंग यांच्या असून त्यांची पार्श्वभूमी मध्य प्रदेशातील शिवनीच्या जंगलाची आहे. का आणि विनी द पू या दोन्ही पात्रांना इंग्रजीत स्टर्लिंग हॉलोवे यांनी, तर फ्रेंचमध्ये कारेल यांनी आवाज दिला. एकात कपटी, झोप आणणारा गोडवा, तर दुसऱ्यात भाबडेपणा अपेक्षित होता.

‘स्टार वॉर्स’मधील सोनेरी यंत्रमानव, ‘मपेट शो’मधील बेडूक कर्मिट, ‘आल्फ’ मालिकेतील परग्रहवासी आणि ब्रिटिश विनोदवीर बेनी हिल यांचेही फ्रेंच आवाज त्यांचेच होते. चार्ली चॅप्लिन यांच्या ‘द ग्रेट डिक्टेटर’च्या नंतर तयार झालेल्या फ्रेंच आवृत्तीत त्यांनी चॅप्लिन यांना आवाज दिला. त्यात एकाच नटाचे हुकूमशहा आणि गरीब न्हावी असे दोन आवाज वेगळे ठेवणे आवश्यक होते. आल्बेर बारिये यांच्या ‘इल एते त्यून फ्वा… लोम’ (एके काळी… माणूस, १९७८) आणि तिच्या पुढील शैक्षणिक मालिकांमधील लांब पांढऱ्या दाढीचा गुरू माएस्त्रो हाही कारेल यांच्याच आवाजात बोलतो. फ्रान्समधील मुलांच्या काही पिढ्यांनी इतिहास व शरीरशास्त्राचे पहिले धडे या आवाजात ऐकले.

कामाची पद्धत

फ्रान्समध्ये आवाज-रूपांतरासाठी ‘बांद रिथमो’ म्हणजे लयपट्टी वापरली जाते. प्रथम एक तंत्रज्ञ मूळ चित्रपट पाहून पात्रांचे ओठ केव्हा उघडतात व मिटतात, श्वास आणि विराम कोठे येतात, याच्या खुणा पट्टीवर करतो. मग रूपांतरकार त्या खुणांवर बसतील असे फ्रेंच संवाद लिहितो. पडद्यावर ओठ मिटलेले दिसत असतील, तर तेथे प, ब, म यांसारखे ओष्ठ्य वर्ण आणावे लागतात. ही पट्टी चित्राखालून उजवीकडून डावीकडे सरकते आणि अक्षर उभ्या रेषेपाशी येताच कलाकार ते उच्चारतो. पूर्वी हाताने लिहिली जाणारी ही पट्टी आता संगणकावर तयार होते.

पट्टीमुळे वेळ अचूक साधता येते, अभिनय मात्र कलाकारालाच करावा लागतो. दुसऱ्याने ठरवलेल्या गतीत आणि दुसऱ्याच्या चेहऱ्यावर स्वतःची वाटावी अशी भावना उमटवणे हे या कामाचे मर्म आहे.

व्यवसायाचे स्थान

आवाज-कलाकाराचा चेहरा प्रेक्षकांना अपरिचित राहतो आणि त्याच्या श्रमाचे मोलही अनेकदा दुर्लक्षित होते. ३ जुलै, १९८५ च्या फ्रेंच कायद्याने कलाकारांना त्यांच्या सादरीकरणाच्या पुनर्वापरावर हक्क दिले. मात्र डबिंग क्षेत्रात त्यांची अंमलबजावणी रखडली. पुनर्प्रक्षेपणाचा मोबदला मिळावा म्हणून या क्षेत्रातील कलाकारांनी १९९४ च्या अखेरीस दीर्घ संप केला. अनोळखी असूनही घराघरांत पोचलेला आवाज ही संपत्ती आहे, आणि तिच्यावर बोलणाऱ्याचाही वाटा आहे, हा या मागणीचा गाभा होता.

अखेरची वर्षे

२०१४ च्या अ‍ॅस्टेरिक्सपटानंतर कारेल यांनी ही भूमिका सोडली. २०१८ च्या ॲनिमेशनपटात क्रिस्तियां क्लाव्हिए यांनी ती स्वीकारली. १९९९ आणि २००२ मधील चित्रपटांत क्लाव्हिए पडद्यावर अ‍ॅस्टेरिक्स झाले होते. २०१५ पासूनच्या ‘स्टार वॉर्स’ चित्रपटांत यंत्रमानवाला ज्यां-क्लोद दोंदा यांनी आवाज दिला. कारेल यांचे ११ सप्टेंबर, २०२० रोजी वयाच्या त्र्याण्णवाव्या वर्षी निधन झाले. त्यांच्या आठवणींच्या पुस्तकाच्या शीर्षकाचा अर्थ ‘कबूल करतो, मी खूप हसलो’ असा होतो.