मशेरी, तपासणी आणि कर्करोग : दोन शब्दांचा विचार

‘कर्करोग’ हा शब्द पारिभाषिक आहे. कर्क म्हणजे खेकडा; ग्रीक वैद्यांनी त्या प्राण्यावरून या रोगास जे नाव दिले, त्याचाच हा अनुवाद होय. मालवणच्या किनाऱ्यावर खेकड्याला कुर्ली म्हणतात. परंतु ‘कर्करोग’ ऐकून तेथे कोणाला कुर्ली आठवत नाही. रोगाचे नाव असे परके राहिल्याने फारसे बिघडत नाही. ज्या सवयींतून तो उद्भवतो त्यांची नावे मात्र घरगुती आहेत, आणि प्रतिबंधाच्या दृष्टीने त्यांचाच विचार अगत्याचा आहे.

मशेरीचे उदाहरण घेऊ. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजून केलेली ही पूड कोकणात, विशेषतः स्त्रिया, दातांना व हिरड्यांना चोळतात. येथे क्रियापदांकडे लक्ष द्यावे. तंबाखू ‘खातात’, विडी ‘ओढतात’. मशेरी मात्र ‘लावतात’. हे क्रियापद तेल व मलम यांच्या पंक्तीतले असल्यामुळे मशेरी व्यसनात न मोडता दंतमंजनात मोडते. ‘तुम्ही तंबाखू खाता का?’ या प्रश्नास मशेरी लावणारी स्त्री ‘नाही’ म्हणाली, तर ती असत्य बोलत नाही. प्रश्नच अपुरा असतो. परिणामाच्या दृष्टीने हा भेद निरर्थक आहे. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने सुपारीस २००३ साली आणि धूरविरहित तंबाखूस २००४ साली निश्चित कर्ककारक ठरविले. २०१६–१७ च्या पाहणीत महाराष्ट्रातील २४.४ टक्के प्रौढ धूरविरहित तंबाखू वापरीत होते. धूम्रपान करणारे अवघे ३.८ टक्के होते. मद्य वर्ज्य करणे, वजन आटोक्यात ठेवणे व नित्य शारीरिक श्रम यांचे महत्त्व आहेच. तथापि आपल्याकडे पहिला प्रश्न तंबाखूचाच होय.

दुसरा शब्द ‘तपासणी’. व्यवहारात तपासणी आजाऱ्याची होते. दुखत नसता दवाखान्यात कशाला जावे, ही शंका त्या अर्थातूनच येते. येथे अभिप्रेत असलेली तपासणी मात्र निरोग्यांचीच असते. तिची उपयुक्तता महाराष्ट्रातच सिद्ध झाली आहे. मुंबईत १९९८ साली सुरू झालेल्या प्रयोगात प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी गर्भाशयमुखास सौम्य ॲसिटिक आम्ल लावून केवळ नजरेने तपासणी केली. त्या रोगाने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यात सुमारे १ लाख ३१ हजार स्त्रियांच्या अभ्यासात, विषाणूच्या एकाच चाचणीने हे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आल्याचे २००९ साली प्रसिद्ध झाले. केरळात तंबाखू वा मद्य सेवन करणाऱ्यांच्या मुखतपासणीने मुखकर्करोगाचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने कमी झाले. केंद्र शासनाच्या २०१६ च्या मार्गदर्शिकेत तीस ते पासष्ट वयोगटासाठी मुखाची आणि स्त्रियांसाठी स्तन व गर्भाशयमुखाची तपासणी दर पाच वर्षांनी सांगितली आहे. तरीही २०१९–२१ च्या राष्ट्रीय पाहणीत देशातील तीस ते एकोणपन्नास वयाच्या स्त्रियांपैकी गर्भाशयमुखाची तपासणी कधीतरी करून घेतलेल्या स्त्रिया केवळ १.९ टक्के आढळल्या.

या अंतरास दूरचे दवाखाने, संकोच व खर्च ही कारणे आहेत. भाषा हे त्यांतील एक, आणि दूर करण्यास सर्वांत स्वस्त. ‘मशेरी लावता का?’ असे नाव घेऊन विचारावे. ‘काही होत नसतानाच ही तपासणी करायची असते’ हे आधी सांगावे. बोलींची शब्दसूची करणाऱ्या अभ्यासकांनी नामाबरोबर त्याचे क्रियापदही नोंदवावे. घरोघर जाणाऱ्या आशा सेविकेस नेमका प्रश्न त्यातूनच मिळेल.