मिठी एका दिवसाची, राखण वर्षांची

शेजारच्या उत्तर कन्नड जिल्ह्यात, सिरसीजवळच्या साल्कणी गावच्या लोकांनी सप्टेंबर १९८३ मध्ये झाडांना मिठ्या मारून रानातली कुऱ्हाड अडविली. हेच 'अप्पिको' आंदोलन. त्यात गावचे युवक मंडळ पुढे होते. रान गेले की झरे आटतात, सुपारीच्या बागेला पाल्याचे खत मिळत नाही, हे त्यांनी ओळखले होते. त्यांचे ब्रीद तीन शब्दांचे: उळिसु, बेळेसु, बळसु, म्हणजे राखा, वाढवा, जपून वापरा.

यातले 'वाढवा' आम्हांला सर्वांत अवघड वाटते. ते एकट्या मंडळाचे काम नव्हे. म्हणून आपल्या धर्मग्रामातील तरुणांनी शेजारगावच्या मंडळांशी हातमिळवणी करावी. एकाने बी जमवावे, दुसऱ्याने रोपे करावीत, तिसऱ्याने ती गुरांपासून राखावीत. लावलेले रोप दोन उन्हाळे जगले, तरच काम झाले असे आम्ही मानू.