साबण, त्वचामृदुकारी

कोरड्या व संवेदनशील त्वचेवरील स्निग्धांश कमीत कमी निघून जावा, अशा बेताने तेलांची निवड करून व थोडे तेल साबणीकरणाविना राखून घरगुती प्रमाणावर तयार केलेला स्नानाचा साबण. तो त्वचेत ओलावा भरतो, असा समज रूढ आहे. वस्तुतः तो त्वचेतून कमी हिरावून घेतो, एवढाच त्याचा गुण होय.

बाह्यत्वचेच्या सर्वांत वरच्या थरातील मृत कोशिकांमधील वसाद्रव्ये पाणी धरून ठेवतात. निरोगी त्वचेच्या पृष्ठाचे पीएच मूल्य सु. ४·५ ते ५·५ असते. साबणाचा विद्राव मात्र क्षारीय (पीएच सु. ९ ते १०) असतो. अम्ल घालून तो उदासीन करू गेल्यास वसाम्ले मोकळी होतात व साबणाचे साबणपणच नाहीसे होते. म्हणून सौम्यता साधावयाची ती तेलांच्या निवडीतून.

घटक : खोबरेलातील लॉरिक अम्लाचा साबण विपुल फेस देतो, परंतु स्निग्धांशही जोमाने काढतो, त्यामुळे त्याचे प्रमाण १५–२० टक्क्यांहून अधिक ठेवत नाहीत. ऑलिव्ह तेलातील ओलेइक अम्लाचा साबण सौम्य असतो. स्पेनमधील कॅस्टील प्रदेशाच्या नावाने ओळखला जाणारा साबण याच तेलाचा असून, फ्रान्समध्ये १६८८ च्या राजाज्ञेने मार्सेच्या साबणात अन्य स्निग्ध पदार्थ वापरण्यास मनाई केली होती. केवळ ऑलिव्ह तेलाचा साबण मात्र कमी फेसाचा व बुळबुळीत होतो. कोकणातील कोकम तेल (भिरंडेल) स्टिअरिक व ओलेइक अम्लांनी समृद्ध असल्याने वडीला टणकपणा देते; एरंडेलाने फेस टिकतो.

प्रमाण : प्रत्येक तेलाला लागणारा कॉस्टिक सोडा वेगळा असतो. १ ग्रॅ. ऑलिव्ह वा कोकम तेलास सु. ०·१३५ ग्रॅ., खोबरेलास ०·१८३ ग्रॅ. व एरंडेलास ०·१२८ ग्रॅ. सोडा लागतो. ऑलिव्ह तेल ३०० ग्रॅ., खोबरेल ७५ ग्रॅ., कोकम तेल ७५ ग्रॅ. व एरंडेल ५० ग्रॅ. घेतल्यास एकूण सु. ७०·७ ग्रॅ. सोडा लागेल. त्यात ७% कपात करून ६५·८ ग्रॅ. घेतात, त्यामुळे तितके तेल मुक्त राहते. कपात फार वाढविल्यास फेस मंदावतो व साबण खवट होतो. पाणी १३० ग्रॅ. पुरते. सर्व घटक मापाने नव्हे, वजनाने घ्यावे लागतात.

कृती : हातमोजे व संरक्षक चष्मा घालून सोडा थोडाथोडा पाण्यात टाकतात, सोड्यावर पाणी कधीही ओतत नाहीत, कारण उष्णतेने विद्राव उसळतो. ॲल्युमिनियमच्या भांड्याशी सोड्याची विक्रिया होऊन हायड्रोजन निघतो. म्हणून पोलादी भांडे वापरतात. तेले व विद्राव सु. ४०° से. तापमानास आल्यावर एकत्र करून घोटतात. पळीने सोडलेली धार पृष्ठावर क्षणभर उमटून राहू लागली, की मिश्रण साच्यात ओततात. एकदोन दिवसांत साबणीकरण बहुतांशी पुरे होते. वड्या कापून ४ ते ६ आठवडे हवेशीर जागी ठेवल्यास पाणी उडून त्या टणक होतात. विक्रियेत तयार झालेले ग्लिसरीन वडीतच राहते. परंतु अंग धुताना ते बहुतांशी पाण्याबरोबर निघून जाते.

मर्यादा : सुगंधी तेले ‘नैसर्गिक’ असली, तरी काहींना त्यांची अधिहर्षता (ॲलर्जी) होते, रंग व सुगंध दोन्ही टाळणे इष्ट. जड पाण्यात साबणाचा अविद्राव्य साका त्वचेवर बसून खाज वाढते. इसब किंवा भेगा असल्यास त्वचेच्या पीएच मूल्याशी जुळणारी, साबणविरहित संश्लिष्ट प्रक्षालकाची वडी अधिक हितकर ठरते. कोणत्याही वडीने स्नान केल्यावर ओलसर अंगास तेल वा मलम लावल्यास ओलावा टिकतो. ते काम साबणाकडून होत नाही.