रक्ताचा थेंब आणि स्वमग्न मूल

बोटाला सुई टोचून काढलेला रक्ताचा एक थेंब किती बोलका असतो! काचपट्टीवर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली धरला, तर हिवतापाचे परजीवी दिसतात. त्यातले हिमोग्लोबिन मोजले तर पंडुरोग कळतो, साखर मोजली तर मधुमेह. मग मेंदूच्या वाढीतले वेगळेपणही या थेंबात उतरत असेल काय?

एका विकारात ते उतरते. त्याचे नाव जरा अवघड आहे: फेनिलकीटोन्यूरिया. दूध, डाळी यांतील प्रथिनांत फेनिलॲलनिन नावाचे एक अमिनो आम्ल असते. हा जन्मजात विकार असलेल्या बाळाच्या यकृतात त्याचे पुढे रूपांतर होत नाही. ते रक्तात साठत जाते आणि वाढत्या मेंदूला इजा करते. १९६०च्या सुमारास रॉबर्ट गथ्री या अमेरिकन शास्त्रज्ञाने नवजात बाळाच्या टाचेतील रक्ताचा थेंब टीपकागदावर टिपून हे आम्ल ओळखण्याची युक्ती काढली. विकार असलेल्या बाळाच्या रक्तात ते इतरांच्या कित्येक पट असते, त्यामुळे घोटाळा होण्याची भीती फार थोडी. वेळीच ठरावीक आहार सुरू केला की मेंदू वाचतो. रक्तातली खरी खूण म्हणतात ती अशी. हे उदाहरण लक्षात ठेवा, कारण आता आपण जिकडे वळणार आहोत तिथे गोष्टी इतक्या सरळ नाहीत.

स्वमग्नता, म्हणजेच ऑटिझम, या अवस्थेचे वर्णन लिओ कॅनर या बालमानसतज्ज्ञाने अमेरिकेत १९४३ साली केले. त्याने ११ मुले पाहिली होती. हाक मारली तरी न वळणारी, डोळ्याला डोळा न देणारी, बोलणे उशिरा येणारी किंवा ऐकलेलेच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणणारी, आणि रोजच्या क्रमात जरासा बदल झाला तरी कासावीस होणारी. आज आपल्याला ठाऊक आहे की स्वमग्नतेच्या अनेक छटा आहेत. कोणी मुळीच बोलत नाही, तर कोणी आगगाड्यांचे वेळापत्रक तोंडपाठ म्हणून दाखवतो. ती जडते ती जन्माआधीच्या व जन्मानंतर लगेचच्या मेंदूच्या वाढीत, आणि तिच्यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे. आईवडिलांच्या वागण्याने ती होत नाही. (एके काळी तसे मानले जाई, आणि त्यापायी कित्येक आयांना विनाकारण बोल ऐकावे लागले.)

छत्रपती संभाजीनगरचे शासकीय रुग्णालय ‘घाटी’ या नावाने सगळ्या मराठवाड्याला परिचित आहे. अशा ठिकाणी मूल घेऊन आलेल्या आईवडिलांना वाटते, की एकदाचे रक्त तपासावे आणि काय ते कळावे. शास्त्रज्ञांनाही असेच वाटत होते. १९६१ साली शेन आणि फ्रीडमन या दोन अमेरिकन डॉक्टरांना काही स्वमग्न मुलांच्या रक्तात सेरोटोनिन हे द्रव्य नेहमीपेक्षा बरेच जास्त आढळले. मेंदूतील पेशी हेच द्रव्य वापरून एकमेकींना निरोप देतात, तेव्हा धागा सापडला असे वाटणे स्वाभाविक होते. पण पुढे दिसले, की हे वाढलेले प्रमाण साधारण चौथ्या ते तिसऱ्या हिश्श्याच्या मुलांतच असते, आणि स्वमग्न नसलेल्या काहींतही असते. शिवाय रक्तातले सेरोटोनिन बव्हंशी आतड्यात तयार होते व रक्तातील बिंबाणू ते साठवतात. मेंदूतील रक्तवाहिन्यांच्या भिंती अतिशय घट्ट असल्यामुळे ते आत शिरत नाही. मेंदूचे सेरोटोनिन निराळे, मेंदूतच बनलेले.

नंतर लक्ष गेले रोगप्रतिकारक यंत्रणेकडे. शरीरात जंतू शिरला की पांढऱ्या पेशी एकमेकींना सावध करतात. त्यासाठी त्या जी रासायनिक द्रव्ये सोडतात त्यांना सायटोकाइन म्हणतात. ताप येणे, अंग मोडून येणे हा यांचाच प्रताप. अनेक प्रयोगशाळांत स्वमग्न मुलांच्या रक्तातील सायटोकाइने मोजली गेली, आणि त्यांपैकी काहींची सरासरी इतर मुलांपेक्षा जास्त भरली.

इथे ‘सरासरी’ या शब्दापाशी जरा थांबू या. समजा, तुमच्या शाळेत अ तुकडीची सरासरी उंची १५० सेंटिमीटर आहे आणि ब तुकडीची १५२. फरक खराच आहे. पण मी तुम्हाला १५१ सेंटिमीटर उंचीचा एक मुलगा दाखवला आणि विचारले, हा कोणत्या तुकडीतला? सांगता येईल? ब तुकडीत बुटके असतील, अ तुकडीत उंच असतील. सायटोकाइनांचे तसेच आहे. दोन गटांचे आकडे एकमेकांत इतके मिसळतात, की समोर बसलेल्या एका मुलाबद्दल त्यावरून काहीच ठरवता येत नाही.

दुसरी अडचण समजायला संभाजीनगरची पाणचक्की आठवा. दूरच्या डोंगरातील झऱ्याचे पाणी जमिनीखालच्या नळांतून तिथवर आणलेले आहे. समजा, एके दिवशी हौदात गढूळ पाणी आले. मूळ झरा बिघडला, की वाटेत नळ फुटला, की हौदातच कोणी काठी घालून ढवळले? ओंजळभर पाण्यावरून हे कळणार नाही. रक्तातील सायटोकाइने नुसत्या सर्दीने वाढतात, आतड्याच्या दुखण्याने वाढतात, लठ्ठपणानेही वाढतात. आणि आपण रक्त काढतो मूल चार-पाच वर्षांचे झाल्यावर. मेंदूत जे घडायचे ते आईच्या पोटात असतानाच घडून गेलेले असू शकते.

म्हणून काही संशोधकांनी आईचे रक्त पाहिले. मला स्वतःला हा मार्ग जास्त आशेचा वाटतो. आईच्या रक्तातील प्रतिपिंडे वारेतून बाळाकडे जातात, म्हणूनच नवजात बाळाचे पहिले काही महिने रोगांपासून रक्षण होते. कॅलिफोर्नियातील संशोधकांनी २००८ साली दाखवले, की स्वमग्न मुलांच्या ६१ आयांपैकी ७ जणींच्या रक्तात गर्भाच्या मेंदूतील दोन विशिष्ट प्रथिनांना चिकटणारी प्रतिपिंडे होती. ज्यांची मुले स्वमग्न नव्हती अशा ६२ आयांपैकी एकीतही ती जोडी नव्हती. उरलेल्या ५४ आयांचे काय? त्यांच्या मुलांत कारणे वेगळी असणार. स्वमग्नता हे एकाच वाटेने पोचण्याचे गाव नव्हे.

आणि म्हणून आजही स्वमग्नता ठरवणारी एकही रक्ततपासणी नाही. डॉक्टर रक्त काढतात ते दुसऱ्या कारणांसाठी: मूल मोजकेच पदार्थ खात असेल तर लोह कमी पडले आहे काय, थायरॉइड ठीक आहे ना, एखादा जनुकीय विकार तर नाही ना. ‘प्रतिकारशक्ती सुधारून स्वमग्नता घालवू’ असे सांगणाऱ्या उपचारांना पुराव्याचा आधार नाही. त्यात पैसा जातो आणि, त्याहून वाईट म्हणजे, शिकवण्याची मोलाची वर्षे जातात. निदान होते ते निरीक्षणाने. भारतात त्यासाठी ४० प्रश्नांचे एक मापन वापरतात. मूल नजरेला नजर देते का, इतरांत मिसळते का, खूण करून मागते का, अशा प्रत्येक प्रश्नाला १ ते ५ गुण. बेरीज ७० किंवा अधिक झाली तर स्वमग्नता. काचनळी नाही, यंत्र नाही. शांतपणे पाहणारे जाणते डोळे आणि आईवडिलांशी सविस्तर बोलणे.

मात्र जंतूंशी लढणे आणि स्वमग्नता यांचा एक संबंध पक्का आहे, आणि तो रुबेला या रोगाने दाखवला. मोठ्या माणसांत हा रोग किरकोळ. थोडा ताप, अंगावर पुरळ. पण १९४१ साली नॉर्मन ग्रेग या ऑस्ट्रेलियन नेत्रवैद्याच्या लक्षात आले, की जन्मतःच मोतीबिंदू असलेल्या बाळांच्या आयांना गरोदरपणाच्या आरंभी रुबेला झाला होता. गर्भाची प्रतिकारयंत्रणा तेव्हा कच्ची असते. विषाणू त्याच्या शरीरात ठाण मांडतो आणि डोळे, कान, हृदय, मेंदू यांची घडण बिघडवतो. १९६४ साली अमेरिकेत रुबेलाची मोठी साथ आली. तिच्यात गर्भात बाधा झालेली २४३ मुले न्यूयॉर्कच्या स्टेला चेस यांनी तपासली. त्यांतल्या १० मुलांत स्वमग्नता पूर्णपणे आणि ८ मुलांत अंशतः आढळली, असे त्यांनी १९७१ साली प्रसिद्ध केले. त्याच दशकात इंग्लंडमध्ये झालेल्या मोजणीत हे प्रमाण दहा हजारांत साडेचार होते. चेस यांचा हिशेब त्याच मापाने केला तर दहा हजारांत सातशेहून अधिक होतो!

नशिबाचा फेरा पाहा. ज्या लसीने स्वमग्नतेचे हे एक कारण टाळता येते, तिच्यावरच १९९८ साली नेमका उलटा आरोप झाला. गोवर, गालगुंड व रुबेला यांच्या एकत्रित लसीमुळे स्वमग्नता होते, असे सुचवणारा लेख अवघ्या १२ मुलांच्या आधारे लंडनच्या एका मान्यवर नियतकालिकात आला. तो २०१० साली मागे घेण्यात आला. डेन्मार्कमध्ये ६,५७,४६१ मुलांची नोंद तपासून २०१९ साली निष्कर्ष निघाला, की लस घेतलेल्या व न घेतलेल्या मुलांत स्वमग्नतेचे प्रमाण सारखेच आहे.

महाराष्ट्रात गोवर-रुबेला लसीची मोहीम २७ नोव्हेंबर २०१८ रोजी शाळाशाळांतून सुरू झाली. नऊ महिन्यांपासून पंधरा वर्षांपर्यंतच्या मुलांना ती टोचली गेली. आता ही लस बाळाला नऊ महिन्यांनंतर आणि पुन्हा दुसऱ्या वर्षी देतात. घरी तुमचे लसीकरणाचे कार्ड जपून ठेवलेले असेल, तर त्यावर ‘एमआर’ अशी दोन अक्षरे शोधून पाहा. त्यातला दुसरा भाग म्हणजे रुबेला.