बेथलेहेमच्या वाटेवरचा ब्राह्मण

शाळामास्तरास वर्षांतील सर्व सुट्ट्यांमध्ये नाताळची सुट्टी विशेष प्रिय असते. दिवाळीची सुट्टी फराळ, पाहुणे आणि देणीघेणी यांत संपते; उन्हाळ्याची लग्नकार्यांत. नाताळात मात्र घरात कार्य नसते, पाहुणा नसतो, आणि सकाळच्या कोवळ्या उन्हात अंगावर धाबळी घेऊन ओट्यावर बसले तर ‘उठा’ म्हणणारेही कोणी नसते. हा सण आपला नव्हे. त्याचे नावसुद्धा आपल्या भाषेत पोर्तुगीजांकडून आले. परंतु त्याने दिलेल्या आठ दिवसांच्या स्वस्थतेत माझ्या पिढीतील किती मास्तरांचे वाचन झाले असेल, याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही.

अशाच एका सुट्टीत, सुमारे चाळीस वर्षांपूर्वी, शाळेच्या कपाटातून कसर लागलेले एक जाड इंग्रजी पुस्तक मी घरी आणले. ते अमेरिकन ग्रंथकार ल्यू वॉलेस यांची ‘बेन हर’ ही कादंबरी. तीत रथांची मोठी शर्यत आहे एवढेच तिच्यावरील चित्रपटामुळे ऐकून ठाऊक होते, आणि खरे सांगावयाचे तर त्या शर्यतीच्या ओढीनेच पुस्तक उघडले. पण पहिल्या पानांत शर्यत नव्हती. निर्मनुष्य वाळवंट, एक पांढरा उंट, त्यावरून उतरून तंबू ठोकणारा एक प्रौढ पुरुष. थोड्या वेळाने दुसरा उंट, मग तिसरा. तिघे अपरिचित एकमेकांस आलिंगन देतात, एकत्र भोजन करतात आणि आपापली हकीकत सांगू लागतात. प्रत्येकजण स्वतःच्या भाषेत बोलतो आणि इतरांस ती समजते. त्यांतील दुसरा सांगतो, की आपण जन्माने हिंदू, ब्राह्मण, आणि आपली भाषा संस्कृत.

मी पुस्तक मिटून क्षणभर तसाच बसलो. ख्रिस्तजन्माच्या कथेत, बेथलेहेमच्या वाटेवर, यज्ञोपवीत धारण केलेला मनुष्य भेटेल अशी अपेक्षा मी केली नव्हती.

या प्रसंगास मूळ आधार किती अल्प आहे तो वाचकांनी पाहावा. मत्तयकृत शुभवर्तमानात पूर्वेकडून आलेल्या मागी लोकांचा उल्लेख अवघ्या काही ओळींचा आहे. त्यांनी तारा पाहिला, ते यरुशलेमेस हेरोद राजाकडे विचारपूस करीत आले, पुढे बालकास वंदन करून त्यांनी सोने, ऊद आणि गंधरस अर्पण केला, आणि ते दुसऱ्या वाटेने स्वदेशी परतले. ते किती होते हे तेथे सांगितलेले नाही. नावे नाहीत, देश नाही. दाने तीन म्हणून माणसे तीन, असे पुढील काळाने ठरविले; नंतर त्यांस राजे केले आणि गास्पर, मेल्खियोर, बाल्थासार अशी नावे दिली. गोव्यात मांडवीच्या तीरावर १५५५ साली बांधलेले रेइश मागुशचे देऊळ याच तीन राजांचे आहे, व ६ जानेवारीच्या त्यांच्या उत्सवास राजवेषातील तीन मुले तेथे येतात. परंपरेने अशी मोकळी ठेवलेली जागा म्हणजे कादंबरीकाराचे गायरान. वॉलेस यांनी त्या तिघांपैकी एकास ग्रीक केले, एकास मिसरी, आणि मेल्खियोर यास हिंदू. ग्रीकाच्या मुखी श्रद्धा दिली, मिसऱ्याच्या मुखी सत्कर्म, आणि आपल्या ब्राह्मणाच्या मुखी प्रेम.

हे लिहिणारा गृहस्थ कोणी धर्मोपदेशक नव्हता. १८२७ साली इंडियाना प्रांतात जन्मलेले वॉलेस व्यवसायाने वकील होते, आणि अमेरिकेतील यादवी युद्धात सेनापती. १८६२ च्या शायलोच्या लढाईत त्यांची तुकडी वेळेवर पोहोचली नाही, हा ठपका त्यांच्या मनास जन्मभर लागून राहिला. धर्माविषयी ते उदासीन होते. कोणत्याही चर्चचे सभासद ते कधीच झाले नाहीत. मागी लोकांची ती कथा त्यांनी आधी स्वतंत्र म्हणून लिहिली. वाळवंटातील भेटीपासून बेथलेहेमच्या गुहेतील जन्मापर्यंतच तिची मजल होती, आणि एखाद्या मासिकास सचित्र क्रमशः द्यावी असा बेत होता. भक्तीपेक्षा कुतूहल अधिक. पुढे ते कागद मेजाच्या खणात पडून राहिले.

१८७६ साली ते आगगाडीने इंडियानापोलिसला जात असता त्याच गाडीत रॉबर्ट इंगरसॉल भेटले. इंगरसॉल हे त्या काळचे अत्यंत गाजलेले अज्ञेयवादी वक्ते. त्यांनी वॉलेस यांस आपल्या डब्यात बोलावून घेतले, आणि ईश्वर, परलोक, ख्रिस्ताचे देवत्व या विषयांवर वाणीचा असा काही ओघ सोडला की गाडी मुक्कामास पोहोचेपर्यंत वॉलेस निरुत्तर बसून राहिले. स्टेशनावर उतरल्यावर ट्रॅम न घेता ते अंधारातून एकटेच पायी चालत भावाच्या घरी गेले. इंगरसॉलचे म्हणणे पटले की न पटले, हा प्रश्नच त्यांस पडला नाही. आपणांस या बाबतीत काहीच माहीत नाही, होय म्हणण्यापुरतेही नाही आणि नाही म्हणण्यापुरतेही नाही, याची त्यांस लाज वाटली. प्रस्तुत लेखकास वाटते, अशी लाज वाटणे हीच धार्मिकतेची पहिली पायरी असावी. पण तो माझा विचार, वॉलेस यांचा नव्हे.

नुसत्या धर्मशास्त्राच्या ग्रंथांत आपले मन रमणार नाही हे ते ओळखून होते. म्हणून त्यांनी खणातील कथा बाहेर काढली आणि ती पुढे वाढवीत नेऊन त्या निमित्ताने अभ्यास करावयाचे ठरविले. यहुदी तरुण जूडा बेन हर, त्याचा रोमन बालमित्र मेसाला, छपरावरील कौल सुभेदाराच्या अंगावर पडल्याचे निमित्त, मग गलबतावर वल्ही मारण्याची शिक्षा, अँटिओक येथील ती शर्यत, कुष्ठरोगाने पछाडलेली माता आणि भगिनी, हा सर्व पसारा नंतरचा. पॅलेस्टाइन देश त्यांनी तोवर डोळ्यांनी पाहिलेला नव्हता. नकाशा समोर ठेवून, ग्रंथालये धुंडाळून त्यांनी तो उभा केला. १८७८ साली ते न्यू मेक्सिको प्रांताचे गव्हर्नर झाले. तेथे दिवसा दंगेधोपे आणि ‘बिली द किड’सारखे बंदूकबाज तरुण यांच्याशी गाठ, रात्री सांता फे येथील मातीच्या जुन्या वाड्यात खिडक्यांची दारे लावून दिव्याच्या उजेडात क्रूसारोहणाचे प्रकरण. १२ नोव्हेंबर १८८० रोजी, नाताळच्या तोंडावर, पुस्तक बाहेर पडले. लिहून होईपर्यंत आपण श्रद्धावान झालो होतो, असे त्यांनी स्वतःच पुढे नमूद केले आहे.

आता ज्या गोष्टीसाठी हा लेखप्रपंच, तिकडे वळतो. ज्याला लक्षावधी लोक देव मानतात त्याला कादंबरीत आणावयाचे कसे? पात्र म्हटले की ते बोलणार, रागावणार, संकोचणार. आणि ते बोलणे येणार लेखकाच्या लेखणीतून. आपल्या साहित्यशास्त्रात हा प्रश्न जुना आहे. कुमारसंभवाच्या आठव्या सर्गाबद्दल कालिदासासारख्यासही आनंदवर्धनांनी आणि मम्मटांनी सोडले नाही. जगन्मातापितरांचा शृंगार वर्णन करणे हे स्वतःच्या आईबापांचा करण्याइतकेच अनुचित, असा मम्मटांचा अभिप्राय. क्षेमेंद्राने तर औचित्यावर ग्रंथच रचला. वॉलेस यांनी यांपैकी कोणाचेही नाव ऐकले असण्याचा संभव नाही. पण त्यांनी स्वतःस घालून घेतलेले नियम क्षेमेंद्राने मान डोलवावी असे आहेत. कथेचा बहुतेक विस्तार होईतो ख्रिस्तास रंगभूमीवर आणावयाचे नाही. आणि तो आल्यावर त्याच्या मुखी जे शब्द यावयाचे, ते शुभवर्तमानांतले जसेच्या तसे, पदरचा एकही नाही.

पदरची त्यांनी एकच कृती घातली. बेड्या घातलेल्या बेन हरला शिपाई नासरेथवरून नेत असता विहिरीपाशी थांबतात. तहानेने अर्धमेल्या त्या कैद्यास एक अनोळखी तरुण पाणी पाजतो आणि त्याच्या मस्तकावर हात ठेवतो. तरुण एक शब्द बोलत नाही. पुढे शेवटच्या भागात क्रूसावरील त्या पुरुषाची तहान ऐकून बेन हरला ती विहीर आठवते, आणि तो आंबेत बुडविलेला स्पंज घेऊन धावतो. एवढ्या मोठ्या ग्रंथात मला हीच दोन स्थळे सर्वांत मोलाची वाटतात. शर्यत त्यांच्या खाली.

मला ती का लागली ते सांगितले पाहिजे. त्याच सुमारास मीही एक ऐतिहासिक कादंबरी लिहीत होतो. विषय पैठणचे एकनाथमहाराज. नाथांवर आमच्या घराची श्रद्धा. वडिलांचे भागवतवाचन नित्याचे. मी दोनशे पाने भरली होती आणि माझ्या मते ती उत्तम होती. कावडीतील गंगोदक रामेश्वरास नेत असता वाटेत तहानेने तडफडणाऱ्या गाढवास ते पाजल्याची कथा आपण सर्व जाणतो. तेथे मी नाथांच्या मुखी भूतदयेवर चार पानांचे भाषण घातले होते, संस्कृतप्रचुर, समासयुक्त. एका संध्याकाळी ते मी वडिलांस वाचून दाखविले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, “बाळ, हे नाथ बोलत नाहीत, तू बोलतो आहेस. आणि तोवर ते गाढव मेले असेल.”

मी रागावलो. वही ट्रंकेत टाकली ती टाकलीच. त्याच नाताळात ‘बेन हर’ वाचताना विहिरीवरचा तो मुका तरुण भेटला, आणि वडिलांचे वाक्य मला इंग्रजीतून पुन्हा ऐकू आले. श्रद्धा असली की शब्द वाढतात असा माझा समज होता. हा सेनापती मला उलट सांगत होता, आणि तोही मुळात श्रद्धाळू नसलेला.

आता त्याच्या ब्राह्मणाविषयी. आमच्या मेल्खियोरचे संस्कार वॉलेस यांनी ग्रंथांतून काळजीपूर्वक उतरविले आहेत: नामकरण, बालकास प्रथम बाहेर नेऊन सूर्यदर्शन करविणे, उपनयन, आश्रम. वेद, उपवेद, वेदांगे यांची यादी आहे. गंगेच्या मुखाशी असलेले कपिलमुनींचे स्थान आहे, आणि अखेरीस कैलासाच्या पायथ्याशी सरोवराच्या काठी केलेला एकांतवासही. इंडियानात बसून एवढे मिळविणे सोपे नव्हे. तथापि त्याच्या मते आमच्या धर्मात कर्मकांड सारे होते, प्रेम मात्र नव्हते. ते शोधावयासाठी त्या बिचाऱ्यास बेथलेहेमपर्यंत जावे लागले. गीतेच्या बाराव्या अध्यायातील भक्तलक्षणे ज्याने वाचली असतील तो असे लिहिता ना. हा दोष परक्याच्या पुस्तकी माहितीचा आहे व तो दोष म्हणूनच नोंदविला पाहिजे.

असे मी अनेक वर्षे वर्गात ठासून सांगत असे. पुढे पुन्हा वाचताना ते बळ राहिले नाही. बहिष्कृताच्या स्पर्शाने विटाळणाऱ्या ज्या आचाराची मेल्खियोर तक्रार करतो तो वॉलेस यांनी कल्पनेने रचलेला नव्हता. तापलेल्या वाळवंटात रडणारे महाराचे मूल नाथांनी कडेवर घेतले म्हणून पैठणच्या ब्रह्मवृंदाने काय केले, हे आम्ही कीर्तनात डोळे पुसत ऐकतो. आणि माझ्या लहानपणी आमच्याच वाड्याच्या विहिरीवर कोणास पाणी ओंजळीत वरून ओतले जाई, हेही मला चांगले आठवते. तेव्हा त्या परक्या गृहस्थाचे चुकले ते अर्धेच.

ग्रंथाच्या पुढील भाग्याविषयी फार लिहीत नाही. पहिल्या सात महिन्यांत तीन हजारही प्रती खपल्या नाहीत. नऊ वर्षांत खप चार लक्षांवर गेला. अध्यक्ष गार्फील्ड यांस तो इतका आवडला की १८८१ साली त्यांनी वॉलेस यांस वकील म्हणून तुर्की सुलतानाच्या दरबारी धाडले, आणि तेव्हा प्रथम त्यांनी आपल्या कथेतील भूमी पाहिली. १८९९ साली नाटक झाले तेव्हा त्यांची अट होती, की ख्रिस्ताची भूमिका कोणा नटाने करावयाची नाही. म्हणून रंगमंचावर नुसता एक प्रखर प्रकाशझोत सोडीत. १९५९ च्या सुप्रसिद्ध चित्रपटातही त्याचा चेहरा दिसत नाही. विहीर राहिली, शर्यत राहिली. आमच्या ब्राह्मणाचे आत्मवृत्त मात्र गळाले. घरातील मुलांनी चित्रपट पाहिला आहे, त्यांस ते ठाऊकही नव्हते. गेल्या डिसेंबरात मी त्यांस पुस्तकातील तो भाग मराठीत सांगितला. धाकट्या सूनबाईंनी विचारले, “मामंजी, मग तुमच्या त्या कादंबरीचे पुढे काय झाले?”

ट्रंक माळ्यावर होती. वही निघाली, कडा पिवळ्या पडल्या आहेत, शाई फिकी झाली आहे. दोनशे पानांतील बरीचशी आता मलाच वाचवत नाहीत. गाढवाच्या प्रकरणातील चार पाने मी खोडून टाकली. कावड खाली ठेवली, झारीचे तोंड उघडले, आणि पाणी पिताना त्या जनावराच्या घशाचा आवाज ऐकू आला, एवढेच ठेवले आहे. बरोबरच्या यात्रेकरूंनी पुढे काय म्हटले ते अजून लिहावयाचे आहे.